लोखंडी पडद्यावरची वाकळ

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, लाँड्री आणि मलबारी हॉटेल यांच्या मधल्या गाळ्यात लिंडा आंटीचं शिवणकामाचं दुकान आहे. पाटीवर अर्बाबचं, म्हणजे कागदोपत्री दुकान ज्याचं त्या ओमानी मालकाचं, नाव मोठ्या अरबी अक्षरांत, त्याखाली बारीक अक्षरांत कामाचा प्रकार, आणि लिंडा लोपीसचं नाव कुठेच नाही. तरी मस्कतच्या वादी कबीर भागात कुणालाही 'लिंडाचं दुकान कुठे' म्हणून विचारा, बोट इकडेच दाखवतील. तिचे यजमान नॉरबर्ट अंकल वारले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही वसईला जाणार. ती गेली नाही. मुलगा क्लिफर्ड इथल्या ऑफिसात, नात नॅटली इथल्या शाळेत, आणि मशीनही इथेच, मग मी तिकडे जाऊन कुणाचं तोंड बघू, असं तिने विचारायला आलेल्यांनाच उलट विचारलं.

तिच्या तोंडाला लागायची हिंमत फारसं कुणी करत नाही. मागच्या ईदच्या आधी शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, सीबहून, एक बाई आल्या होत्या. लग्नात घालायचा ड्रेस, कंबरेत अजून दोन बोटं आत घ्या, म्हणाल्या. आंटीने टेप लावली, बाईंना श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला आणि ड्रेस त्यांच्या हातात परत दिला. श्वास न घेता लग्नात उभं राहायचं असेल तर दुसरीकडे जा, असं तोंडावर सांगितलं. बाई तणतणत गेल्या आणि आठवड्याने तोच ड्रेस घेऊन मुकाट्याने परत आल्या. दुकानात नवीन शिलाई थोडी आणि उसवायचं काम जास्त. मुलींचे स्कर्ट लांब करा, बाळंतिणींचे कुर्ते सैल करा. दिवसभर आंटीच्या हातात शिवण उसवायचं ते छोटं दोन टोकांचं हत्यार असतं, आणि बोलतानाही ती ते खाली ठेवत नाही.

मी अंबरीन, मूळची रत्नागिरीची. माझा नवरा अमीन मत्रहच्या बंदराजवळ बोटीच्या सामानाचं दुकान चालवतो. वरच्या मजल्यावर आमचं दार आणि आंटीच्या घराचं दार समोरासमोर. आमची सिदरा आणि तिची नॅटली एकाच वर्गात, आणि लहानपणापासून इतक्या एकत्र की कोण कुणाकडे जेवली हे संध्याकाळी विचारावं लागायचं. रुचिर सरांचं शीतयुद्ध सुरू होईपर्यंत हे सगळं सुरळीत चाललं होतं.

रुचिर सर पेशाने शिक्षक नाहीत. तेलाच्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत, पुण्याचे, आणि इतिहासाचं त्यांना वेड आहे. दर शनिवारी ते मोठ्या मुलांना जमवून इतिहासाचा कट्टा भरवतात. पैसे घेत नाहीत, मनापासून शिकवतात, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. वर्षातून एकदा मुलं प्रदर्शन मांडतात. यंदाचा विषय होता दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची दहाएक वर्षं. जर्मनी हरली आणि जिंकलेले दोन दोस्त एकमेकांवर गुरगुरायला लागले. इकडे लोकशाहीवाली अमेरिका, तिकडे कम्युनिस्ट रशिया, आणि बाकीच्या जगाने मुकाट्याने कुणाच्या तरी मागे उभं राहायचं. सरांनी मुलांचे दोन गट पाडले. निळा अमेरिकेचा, लाल रशियाचा. मलबारी हॉटेलच्या वरचा पार्टी हॉल ठरला, आणि हॉलच्या मधोमध लोखंडी पडदा उभा राहणार होता. त्या काळात युरोपाचे दोन तुकडे करणाऱ्या सीमेला म्हणे तसंच म्हणायचे. आमचा पडदा फ्रिजच्या रिकाम्या खोक्यांचा होता, स्वयंपाकघरातली चकचकीत फॉइल गुंडाळलेला.

नॅटली निळ्या गटात गेली, सिदरा लाल गटात. पहिले काही दिवस मजेत गेले. मग सिदरा नॅटलीबरोबर एका गाडीत बसेना. आमच्या गटाची सीक्रेट्स तिला कळतील, म्हणे. नॅटलीने जेवणाचा डबा आमच्याकडे पाठवणं बंद केलं. सोळा वर्षांच्या घोड्या या, जिन्यात समोरासमोर आल्या की माना फिरवायच्या. माझं डोकं फिरलं. मेलेल्या भांडणाला उठवून बसवायचं आणि त्यात आपल्या पोरींना उभं करायचं, हे कुठलं शिक्षण, असं मी अमीनला म्हटलं. अमीन म्हणाला, चार दिवसांचा खेळ आहे, होऊ दे.

सरांचा एक नियम होता. दोन्ही गटांनी त्या काळातली एक तरी खरी वस्तू आणायची, आणि तिला सगळ्यात जास्त गुण. आता आम्ही सगळे इकडे एकेक सूटकेस घेऊन आलेले. सत्तर वर्षांपूर्वीची वस्तू कुणाकडे असणार? निळ्या गटात शोधाशोध चालली होती तेव्हा नॅटलीला आजीच्या पलंगावरची वाकळ आठवली.

वाकळ म्हणजे आपली गोधडी. मस्कतच्या उन्हाळ्यात गोधडी कशाला, असं कुणी विचारेल, पण आंटीकडे एसी इतका गार असतो की मी शाल घेऊन जाते. ही वाकळ तिच्या आईने, मार्ताबायने, वसईत हाताने शिवलेली. वरची बाजू पिठाच्या सुती पिशव्यांची. त्यांच्यावर एकमेकांत गुंफलेले दोन हात छापलेले, आणि अमेरिकेच्या जनतेकडून भेट असा इंग्रजी मजकूर. शाई फिकी झाली आहे, पण हात ओळखू येतात. खालची बाजू अख्खी लाल. त्या लालावर एका कोपऱ्यात विळा-हातोड्याच्या आकाराचा एक गडद डाग आहे. तिथे पिवळ्या कापडाचा तुकडा शिवलेला होता, तो काढला, आणि त्याच्याखालचं कापड तेवढं उन्हाने विटायचं राहिलं.

ती गोष्ट मी आंटीकडून इतक्यांदा ऐकली आहे की मला ती माझ्याच माहेरची वाटते.

आंटीचे वडील पास्कू मिठागरात कामाला होते. दिवसभर खारट पाण्यात पाय, तळव्यांना चिरा, आणि मालक सांगेल ती मजुरी. मिठागरातल्या लोकांनी युनियन केली आणि लाल बावटा घेतला. मोर्च्याच्या पुढे दोन माणसांनी दोन काठ्यांवर धरायचा लांबलचक बावटा होता, आणि तो पास्कूच्या घरी ठेवायला असायचा. त्याच वेळी चर्चमध्ये अमेरिकेतून पीठ आणि दुधाची भुकटी येऊ लागली. रविवारी मिस्सा झाल्यावर बाया भांडी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. रोमहून तेव्हा हुकूमच आला होता की कम्युनिस्टांना कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, द्यायचं नाही. आंटीच्या गावच्या फादरनी त्याला स्वतःची पुरवणी जोडली. ज्याच्या घरात बावटा असेल त्या घराला दूध नाही, असं त्यांनी वेदीवरून सांगितलं. मार्ताबायचं पहिलं मूल अंगावरच्या दुधावाचून गेलं होतं, आणि लिंडा पोटात होती.

ईस्टरनंतर फादर घरोघरी आशीर्वाद द्यायला यायचे. ते येणार त्याच्या आदल्या दिवशी मोर्चा निघाला होता आणि बावटा चिखलाने भरून घरी आला होता. मार्ताबायने तो धुतला आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातला. एका बाजूला तिचं लुगडं, दुसऱ्या बाजूला तिच्या सासूचं. आता वसईच्या त्या गावात बायकांची लुगडी लालच. प्रत्येक अंगणात लाल, प्रत्येक दोरीवर लाल. पिवळा तुकडा आतल्या बाजूला दुमडलेला. फादर आले, त्यांनी विचारलं, बावटा आहे का या घरात? मार्ताबाय म्हणाली, फादर, माझ्या घरात आहे ते सगळं दोरीवर आहे, बघून घ्या. फादरनी दोरीकडे बघितलं, लुगडी बघितली, आणि पवित्र पाण्याचा शिडकावा घरावर, अंगणावर आणि दोरीवरही केला. पुढच्या रविवारी मार्ताबाय भांडं घेऊन रांगेत उभी होती. त्या बावट्याला चर्चचा आशीर्वाद मिळाला, असं आंटी अजून अभिमानाने सांगते.

मग युनियनचे लोक आले. पास्कूच्या घरात अमेरिकेच्या पिशव्या बघून त्यांचंही पित्त खवळलं. साम्राज्यवाद्यांचं दूध पाजणार का होणाऱ्या मुलाला, असं त्यांनी विचारलं. पास्कू मान खाली घालून बसला. मार्ताबाय चुलीपाशी होती, तिथूनच तिने सांगितलं की दूध अमेरिकेचं नाही, गाईचं आहे, आणि गाईला तुमचं भांडण कुणी कळवलेलं नाही. पाहुणे चहा न पिता गेले.

तो बावटा मधोमध फाटला आणि युनियनने नवा शिवला, तेव्हा जुना घरातच राहिला. पिशव्याही साठल्या होत्या. मार्ताबायने दोन्ही जोडून वाकळ शिवली. पास्कू चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी लिंडा जन्मली आणि त्याने स्वतःच्या हाताने तिला त्या वाकळीत गुंडाळलं.

तर ही वाकळ नॅटलीला निळ्या गटासाठी हवी होती, पिशव्यांसाठी. हे कुठून तरी सिदराला कळलं आणि ती धावत माझ्याकडे आली, की खाली लाल बावटा आहे, म्हणजे वस्तू आमची. दोघी एकदम आंटीच्या दुकानात, पलंगावरची वाकळ नॅटलीच्या हातात. त्यांच्या मागून मी, आणि माझ्या मागून, कुणीतरी फोन केल्यावर, रुचिर सर.

सरांनी वाकळ उलगडून बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, ते मी नाकारत नाही. त्यांनी पिशवीवरचे हात बोटाने चाचपले, मग उलटून तो गडद विळा बघितला. मग म्हणाले की आंटी, अशी वस्तू मी आयुष्यात बघितली नाही. आणि लगेच त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. दोन थर वेगळे करू या. पिशव्या निळ्या दालनात, बावटा लाल दालनात. नॅटलीला तिचं, सिदराला तिचं. तुम्हाला तर दहा मिनिटांचं काम.

"उसवायला मला पाच मिनिटं पुरतात," आंटी म्हणाली. "म्हणूनच सांगते, नाही."

सरांनी समजावलं. प्रदर्शनानंतर पुन्हा शिवता येईल. मुलांना ते भांडण कळायचं असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या दिसायला हव्यात, नाहीतर सगळी खिचडी होते. हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आंटीने विचारलं, वाकळ आहे तशी लावली तर कुठे लावाल? सर म्हणाले, तोच तर प्रश्न आहे, त्या काळात जगात दोनच बाजू होत्या.

"आणि आम्ही कुठे होतो?" आंटीने विचारलं.

सर म्हणाले की कुठल्याच गटात न जाणाऱ्या देशांचा विषय पुढच्या वर्षी घेणार आहोत. आंटीने वाकळीची घडी घातली, काखेत मारली आणि गिऱ्हाइकाचा कुर्ता पुढे ओढला. बोलणं खलास झालं, हे सरांनाही कळलं.

संध्याकाळी क्लिफर्डने घरात वेगळीच बाजू लावली. त्याला लाल कापडाचीच धास्ती. मम्मी, आपण इथे व्हिसावर राहतो, झेंडे, पक्ष, मोर्चे, हे विषय आपण काढायचे नाहीत. पिशव्या ठीक आहेत, बावटा मात्र काढूनच टाक, खरं तर कधीच काढायला हवा होता. इतकी वर्षं तुझी आई तो पांघरून झोपली, तेव्हा तुझा व्हिसा गेला का, असं मी त्याला विचारणार होते, पण आई-मुलाच्या मधे मी कशाला बोलू? आंटीनेच सांगितलं. हा बावटा वसईत फादरना दिसला नाही, तो मस्कतमध्ये कुणाला दिसेल? आणि दिसला तर सांग, माझ्या आईचं लुगडं आहे. क्लिफर्ड हसला नाही. तो घाबरट नाही, सांभाळून राहणारा आहे. या देशात आपल्यासारख्यांनी सांभाळूनच राहावं लागतं, हे मलाही कळतं. पण आंटी त्याला म्हणाली, तुझा आजा तळपायाला चिरा पडल्या तेव्हा सांभाळून राहिला असता तर मी बोटीत बसून इथे आलेच नसते. 

आणि मग पोरींनी घात केला.

मी म्हणते ना, दोघी बोलत नव्हत्या; पण भांडण वाटून घेण्यापुरत्या बोलल्या. फिफ्टी-फिफ्टी. नॅटलीला पिशव्या, सिदराला बावटा, प्रदर्शन झालं की आजीला परत, तिला कळायच्या आत शिवूनही ठेवू. बुधवारी आंटी अस्तराचं कापड आणायला मत्रहला गेली, आणि नॅटलीने तिचंच ते उसवायचं हत्यार घेऊन वाकळीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. सिदराने दुसरं टोक ताणून धरलं होतं. माझीच पोरगी. मार्ताबायची टीप बारीक आणि घट्ट, दोऱ्याला सत्तर वर्षं झालेली, तरी तो सुटायला तयार नव्हता. वीतभर उसवेपर्यंत पोरींना घाम फुटला आणि तेवढ्यात आंटी दारात.

मी आवाज ऐकला आणि समोर गेले. आवाज म्हणजे कापडाचं गाठोडं खाली पडल्याचा.  नॅटली रडायला लागली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या मराठीत. आजी, सॉरी, आम्ही परत शिवणार होतो, प्रॉमिस, फक्त फ्रायडेपर्यंत. सिदरा भिंतीला चिकटून उभी होती. मला तिथल्या तिथे तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

आंटी पलंगावर बसली आणि तिने उसवलेला कोपरा हातात घेतला. वाकळ ती जन्मायच्या आधी शिवलेली. आत काय आहे हे तिने कधी बघितलंच नव्हतं, कारण वाकळीची कुठलीही शिवण कधी सुटलीच नव्हती. पिशवी आणि बावटा यांच्या मधे थर होते. आधी विरलेलं लाल लुगडं, बाईच्या अंगावर वापरून वापरून मऊ झालेलं. त्याच्याखाली अजून एक, थोरल्या बाईचं असावं, काठ जुन्या पद्धतीचा. आणि त्याखाली पुरुषाचा मळका पांढरा सदरा, बाही दुमडून घातलेली. आंटीने बाहीवरून अंगठा फिरवला, मग तो जिभेला लावला. मला वाटतं तिला तिथे मीठ लागतं का ते बघायचं होतं. लागलं की नाही, तिने सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मीही रडले. खोटं कशाला सांगू?

मग ती म्हणाली, "सरांना सांग, वाकळ येते प्रदर्शनाला." नॅटलीने घाबरत विचारलं की निळ्यात की लालात. आंटीने वाकळीची घडी घातली. कोपरा मात्र तिने शिवला नाही, तसाच ठेवला.

शुक्रवार म्हणजे इथली सुट्टी, चर्चही त्याच दिवशी. आंटी मिस्सा आटपून आली, अमीन नमाजहून आला आणि दुपारी आम्ही सगळे वर हॉलवर गेलो. दारात दोन मुलं स्टिकर घेऊन उभी होती. येणाऱ्याने निळा किंवा लाल छातीवर लावायचा, मगच आत. मी लाल लावला, पोरीसाठी. अमीनने निळा लावला, कारण लाल संपत आले होते. आंटीने त्या मुलाचा हात हळूच बाजूला केला. "बाळा, माझ्या साडीला डिंक लागेल," म्हणाली, आणि आत गेली.

दोन्ही दालनं छान मांडली होती. इकडे अणुबॉम्बचे फोटो, डॉलरची चित्रं, बर्लिनच्या लोकांना विमानाने पोचवलेल्या अन्नाचा नकाशा. तिकडे ट्रॅक्टर, पोलादाचे कारखाने, लाल सैन्याचे बिल्ले. मधे फॉइलचा लोखंडी पडदा, दिव्यांत झगमगत. आंटी सरळ पडद्यापाशी गेली आणि तिने वाकळ त्याच्यावर टाकली. पिशव्या निळ्या बाजूला, बावटा लाल बाजूला. वाकळ जड. वरचं खोकं दबलं, त्याखालचं वाकलं, आणि लोखंडी पडदा मधेच कमरेतून बसला. सर धावत आले. कुणीतरी हसलं. पडणारी वाकळ दोन बाजूंनी आमच्या दोन पोरींनी झेलली, एक निळी, एक लाल, आणि मग सोडायची कुठे हे न कळून दोघी तिचं एकेक टोक धरून उभ्या राहिल्या.

"अमीन, दोरी आण," आंटी म्हणाली. "चांगली, बोटीची."

अमीनच्या गाडीत दोरीची गुंडाळी कायमच असते. त्याने एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरं टोक समोरच्या खांबाला कुणी बांधलं ते मी बघितलं, म्हणून सांगते. क्लिफर्डने. तो कधी आला, कुणालाच कळलं नव्हतं. त्याने गाठ मारली, ओढून बघितली, आणि आईकडे न बघता बाजूला झाला. खिडकीपासून खांबापर्यंत दोरी ताणली गेली आणि तिच्यावर, दबलेल्या पडद्याच्या वर, वाकळ वाळत घातल्यासारखी लटकली. उसवलेला कोपरा खाली लोंबत होता आणि आतली लुगडी दिसत होती.

रुचिर सर हातात गुणांचा कागद घेऊन उभे होते. ते रागावले नव्हते, अडकले होते. त्यांनी अदबीनेच विचारलं की आंटी, ही वस्तू कुठल्या गटाची म्हणून मांडू?

आंटीने तो कोपरा उचलला आणि दोन बोटांनी थर वेगळे करून दाखवले.

"तुम्ही म्हणालात, दोनच बाजू होत्या. हे बघा. ही अमेरिका, हा रशिया. आणि ही माझी आय, ही माझी आजी, हा माझा बा. ऊब ह्यांची आहे, सर. वरची दोन कापडं नुसती धुळीसाठी."

 सर कोपऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. नियमाप्रमाणे वस्तू एका गटाची हवी, नसेल तर गुण देता येत नाहीत, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. आंटी म्हणाली, नका देऊ. मागितले कुणी?

गुण मिळाले नाहीत. निळा गट हरला; वाकळीचे गुण मिळाले असते तर जिंकला असता. नॅटलीच्या गटातली मुलं तिच्यावर भडकली, आणि तिने ते मान वर करून ऐकून घेतलं. ते बघून मला आंटीचीच आठवण झाली. लोक मात्र निघेपर्यंत त्या दोरीपाशी घुटमळत होते. एकदा इकडून बघायचे, मग वाकून पलीकडे जायचे, तिकडून बघायचे, आणि शेवटी कोपऱ्यापाशी येऊन आतल्या कापडांना हात लावायचे. पुढच्या वर्षीचा विषय ठरला आहे, असं जाताना सरांनी मला सांगितलं. ठरलेलाच होता, मी म्हटलं. आता जरा वेगळा ठरलाय, ते म्हणाले.

घरी आल्यावर आंटीने वाकळ पलंगावर पसरली आणि सुईचा डबा नॅटलीपुढे सरकवला. सिदरालाही बोलावलं, धरायला. तू उसवलंस, तू शीव, एवढंच म्हणाली. नॅटलीने आयुष्यात बटण लावलं नव्हतं. तिने डबा उघडला आणि दोऱ्यांची रिळं चाळली. आंटीकडे कुठल्याही कापडाला जुळणारा दोरा असतो, कारण चांगल्या शिंपिणीचं दुरुस्तीचं काम दिसता कामा नये, हे तिने आम्हा सगळ्यांना शिकवलेलं.

"आजी, कुठला घेऊ?" नॅटलीने विचारलं. "व्हाइट की रेड?"

"दिसेल असा घे," आंटी म्हणाली.

नॅटलीने हिरवा घेतला.